काटा चढायला लागतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार, सायनचा किंवा दादरचा सिग्नल, आणि त्या सिग्नलला अडकलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. मागच्या सीटवरच्या प्रवाशाला हमखास एक प्रश्न पडायचा. गाडी जागची हलत नाही, पुढे वाहनांची रांग, तरी हा ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकून सारखा एक्सिलेटर का दाबतोय? पेट्रोल का जाळतोय? ड्रायव्हरची नजर मात्र डॅशबोर्डवरच्या काट्यावर असायची. बॉनेटखालचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा; इंजिन संथ तर पंखाही संथ. काटा लाल रेघेकडे सरकायला लागला की पंख्याला वेग देण्याचा एवढा एकच मार्ग त्याच्याकडे असे.

उपाय अर्धामुर्धाच होता. एक्सिलेटर दाबला की पंखा जोरात फिरे, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी जोरात फिरवी, पण जास्त पेट्रोल जळल्यामुळे उष्णताही वाढे. रेडिएटरची जाळी साफ असेल तर वाऱ्याचा फायदा होई, काटा दोन रेघा खाली येई. जाळी चोंदलेली असेल तर गाडी तिथेच पाणी उकळून टाकी आणि वाफेचा लोट बॉनेटच्या फटीतून वर येई.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम पाव ते तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते, आणि जवळपास तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. ती पाण्यातून हवेत टाकायचं काम रेडिएटरचं. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो. सपाट रस्त्यावर त्या वेगाला बहुतेक गाड्यांना पंख्याची गरजच नसते. गरज लागते ती गर्दीत, सिग्नलला, टोलनाक्यावरच्या रांगेत. आणि नेमकं तेव्हाच इंजिन मिनिटाला 700-800 फेऱ्यांवर रेंगाळत असतं.

पंख्याच्या गणिताचा नियम सोपा पण कठोर आहे. तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला तर वारा दुप्पट मिळतो, त्यासाठी ताकद मात्र आठपट लागते. 800 फेऱ्यांवरून इंजिन 4,000 फेऱ्यांवर गेलं की वारा पाचपट आणि पंख्याने खाल्लेली ताकद सव्वाशेपट. म्हणजे सिग्नलला पुरेल एवढा मोठा पंखा बसवावा तर हायवेवर तोच इंजिनाची ताकद खात, घोंघावत राहणार, आणि तेही वारा समोरून आपणहून येत असताना. हायवेच्या हिशेबाने छोटा बसवावा तर शहरात गाडी गरम होणार. पट्ट्यावरच्या पंख्याच्या प्रत्येक गाडीत डिझाइन करणाऱ्याला या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागलं. चाळीस अंशांचा उन्हाळा आणि मुंबईची गर्दी त्याच्या हिशेबात असेलच असं नव्हतं.

पद्मिनीच्या बाबतीत तो हिशेब इटलीत तुरिन शहरात मांडला गेला होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे दहा वर्षांनी तिचंच नाव पद्मिनी झालं आणि 2000 सालच्या आसपासपर्यंत ती बनत राहिली. तिचं मूळ म्हणजे 1953 सालची फियाट 1100. इंजिन 1,089 सीसीचं, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. इंजिनाचं तोंड रेडिएटरकडे असल्याने वॉटर बॉडीच्या पुलीवरच पंखा बसवणं सर्वांत सोपं आणि स्वस्त होतं. अँबेसेडर, जीप, त्या काळातल्या बहुतेक सगळ्या गाड्यांची रचना हीच.

ही 1100 घडवणारा इंजिनिअर दान्ते जाकोसा. आणि पुढे पंख्याला इंजिनापासून सोडवणाऱ्यांमध्येही पुन्हा हाच माणूस दिसतो.

साठच्या दशकात छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी बसायला लागली. जागा वाचवायची, पुढच्या चाकांनाच ताकद द्यायची, आत बसणाऱ्यांना पाय पसरायला जागा द्यायची, हा त्यामागचा उद्देश. 1959 साली आलेल्या ब्रिटिश मिनीत अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकलं खरं, पण पंखा इंजिनाच्या टोकालाच ठेवायचा होता. मग त्यांनी रेडिएटरच उचलून गाडीच्या एका कुशीला, चाकाजवळ नेऊन ठेवला आणि पंखा उलटा वारा फेकणारा केला. जाकोसांनी दुसरी वाट धरली. आधी ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत आडवे मांडण्याचा प्रयोग झाला. मग 1969 च्या फियाट 128 मध्ये तीच मांडणी पक्की झाली. रेडिएटर समोर, वाऱ्याच्या तोंडी राहिला. इंजिनाचं तोंड आता बाजूला वळलं होतं, तिथून पट्टा पोहोचणार नव्हता. म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा जोडला आणि तो चालू-बंद करायला पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच दिला.

गाडी थंड ठेवायचं नवं तंत्र शोधू, असं म्हणून जाकोसा या पंख्यापर्यंत पोहोचले नव्हते. जागेच्या अडचणीतून तो आला. पण येताना त्याने पद्मिनीच्या ड्रायव्हरची अडचण सोडवून टाकली: पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगापासून सुटला.

भारतातल्या मध्यमवर्गाच्या दारात तो मारुती 800 बरोबर आला. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, त्या छोट्या गाडीत 796 सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन होतं आणि रेडिएटरमागे विजेचा पंखा. पुढची वीस वर्षं मुंबई-पुण्याच्या सिग्नलला हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे राहिले. मारुतीचा पंखा मध्येच आपोआप सुरू होई, मिनिटभर फिरे आणि गप्प बसे. गाडी बंद केल्यावरही कधी कधी बॉनेटखालून घरघर ऐकू येई, तेव्हा नवे मालक घाबरून गॅरेज गाठत. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, इंजिनाच्या हेडमध्ये साठलेली उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते आणि थोडा वेळ तापमान उलट वाढतं. वायरिंग तसं असेल तर स्विच किल्लीची वाट न बघता पंखा लावतो. गरम गाडीच्या बॉनेटखाली, इंजिन बंद असलं तरी, पंख्याजवळ हात घालू नये, हे म्हणूनच.

इथे दोन वस्तूंची नेहमी गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत इंजिनं मोजतात. थर्मोस्टॅट वॉल्व्ह हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे. इंजिन गार असताना तो बंद असतो. पाणी साधारण 80-85 अंशांवर गेलं की तो उघडू लागतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. थर्मो स्विच ही वेगळी वस्तू. ती पाण्याला हात लावत नाही, फक्त विजेचं सर्किट जोडते किंवा तोडते. जुन्या छोट्या गाड्यांत ती साधारण 95 अंशांच्या आसपास जोडते आणि पाच-सहा अंश खाली आल्यावर तोडते. मधली ही पाच-सहा अंशांची फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर पंखा दर काही सेकंदांनी लागत-विझत राहिला असता. वॉल्व्ह इंजिनाला फार गार होऊ देत नाही, स्विच फार गरम होऊ देत नाही. पंख्याचं सगळं शहाणपण या अंगठ्याएवढ्या पितळी स्विचमध्ये आहे.

आणि आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती त्याच्यावरच. गाडी गरम झाली, रस्त्याच्या कडेला थांबली, मेकॅनिक आला. स्विचचा कनेक्टर ओढून त्याच्या दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा खोचला की पंखा लगेच फिरू लागतो. याला गॅरेजच्या भाषेत फॅन डायरेक्ट करणं म्हणतात. रस्त्यावर अडकलेल्या कुटुंबाला घरी पोहोचवायला ही युक्ती लाखमोलाची आहे, आणि दोष शोधायची ती पहिली पायरीही आहे: डायरेक्ट केल्यावर पंखा फिरला म्हणजे मोटर ठीक, स्विच किंवा कनेक्टर गेलेला, नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थ किंवा मोटरचे कार्बन बघायचे. अडचण त्यानंतरची आहे. तो वायरचा तुकडा तिथेच राहतो. महिने जातात, कधी वर्षं. किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. जी मोटर दिवसाकाठी काही मिनिटं फिरायची ती आता तासन्‌तास फिरते, कार्बन झिजतात, बुश ढिले होतात, आणि एक दिवस भर उन्हात ती जागेवर बसते. मालकाच्या लेखी दोष कंपनीचा असतो.

त्याहून वाईट सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. आपल्याकडे थंडी कुठे असते, कशाला हवा तो, असा युक्तिवाद असतो आणि तो ऐकायला पटतोही. तो काढला की काटा खरंच खाली राहतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिन नीट तापायला फार वेळ लागतो, जानेवारीतल्या पहाटे पुण्याहून निघालेली गाडी हायवेवर बराच काळ अर्धवट गारच धावते. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेवढा वेळ पेट्रोल जास्त जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. गरम होण्याचा मूळ दोष, म्हणजे चोंदलेली जाळी किंवा थकलेली वॉटर बॉडी, तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाने या दोन गोष्टी, डायरेक्ट फॅन आणि काढलेला थर्मोस्टॅट, आपल्या गाडीत खपवून घेऊ नयेत.

आता जुन्या गाड्यांची बाजू. ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. खासगी मालकीच्या पद्मिनी, अँबेसेडर आणि जीप मात्र जपून ठेवलेल्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालकांना हवा असलेला पहिला बदल बहुधा विजेच्या पंख्याचा असतो. आजचं ट्रॅफिक गाड्या बनल्या तेव्हाच्या ट्रॅफिकपेक्षा वेगळं आहे. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मारुतीचा पंखा सहज मिळतो. तो आकाराने छोटा, वजनाने हलका आणि खिशाला परवडणारा. पाश्चात्त्य देशांत जुन्या गाड्यांसाठी असे पंखे तयार संचात मिळतात, ब्रिटनमध्ये केनलो हे नाव त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं आहे. आपल्याकडे संच कारागीर जुळवतो, आणि म्हणून त्याला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

पहिली वाऱ्याच्या दिशेची. मारुतीत पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असतो आणि हवा जाळीतून ओढतो. पद्मिनीत मागे पट्ट्यावरचा पंखा आधीच असल्याने नवा पंखा अनेकदा पुढे, जाळीसमोर बसतो, तिथे त्याने हवा ढकलायला हवी. मग मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या जातात, पंखा उलटा फिरतो, वारा आत जातो, काम झालं असं वाटतं. पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. उलट फिरणारं पातं वारा देतं, पण सुलट पात्याच्या मानाने पुष्कळ कमी. पातंही उलटवून बसवता आलं पाहिजे, नाहीतर ढकलण्यासाठीच बनवलेला पंखा घ्यावा. पुढे बसवलेला पंखा गाडी धावताना समोरच्या वाऱ्याला थोडा अडथळा करतो, हेही लक्षात ठेवावं. जागा असेल तर मागे ओढणारा पंखा केव्हाही सरस.

दुसरी गोष्ट पंख्याभोवतीच्या कवचाची. मारुतीच्या पंख्याला मूळचं प्लॅस्टिकचं कवच असतं, ते भंगारवाल्याकडे राहतं आणि नुसता पंखा गाडीत येतो. कवच नसेल तर पंखा पात्यांसमोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो, आणि काही हवा जाळीतून न येता कडेने फिरून परत येते. चौकोनी जाळीचे चारी कोपरे रिकामे बसून राहतात. पत्र्याचं साधं कवच करून घेतलं तरी त्याच मोटरकडून कितीतरी जास्त काम मिळतं. हा खर्च वाचवू नये.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वीज. जुन्या पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. तो पूर्ण वेगात 20-25 अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेव्हा मिणमिणतो तो त्यामुळेच. छोट्या गाडीचा पंखा फिरताना आठ-दहा अँपिअर खातो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. पावसाळ्यात रात्री सिग्नलला उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणावी: हेडलाइट चालू, वायपर चालू, पंखा चालू, आणि डायनामो झोपलेला. सगळा भार बॅटरीवर. ज्या पंख्याने इंजिन वाचवायचं त्यानेच मग सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ आणली, अशी तक्रार येते. डायनामोच्या गाडीत आधी अल्टरनेटर, मग पंखा, हाच क्रम बरोबर.

चौथी रिलेची. थर्मो स्विचमधूनच पंख्याचा सगळा करंट नेणारे वायरमन अजून भेटतात. स्विचचे छोटे पॉइंट काही महिन्यांत जळतात किंवा एकमेकांना चिकटतात. रिले लावला तर स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढावी लागते. रिलेच्या पायांवरचे आकडे बहुधा हेच असतात: 85 आणि 86 कॉइलचे, 30 वर फ्यूजमार्गे बॅटरी, 87 वरून पंखा. बॅटरीपासून पंख्यापर्यंतची वायर जाड हवी, आणि अर्थ रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट आवळलेला हवा. बारीक वायरीत दोन व्होल्ट वाटेतच गेले तर पंखा फिरतो, पण मरगळून. मालक पंख्याला शिव्या देतो. कॉइलला वीज किल्लीमार्गे द्यायची की थेट, हा निर्णय गाडी पाहून घ्यावा. बॅटरी जुनी, गाडी आठवड्यातून एकदा निघणारी, तर किल्लीमार्गे बरं.

एवढं सगळं नीट केलं तरी विजेचा पंखा प्रत्येक गाडीला योग्य नाही. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या भरलेल्या जीपचं इंजिन 3,000 फेऱ्यांवर असतं. तिथे पट्ट्यावरचा मोठा पंखा जोमात असतो आणि छोट्या गाडीचा विजेचा पंखा त्याच्यापुढे तोकडा पडतो. म्हणूनच लांबीच्या दिशेने इंजिन असलेल्या कित्येक डिझेल गाड्यांनी मधला मार्ग घेतला, विस्कस क्लचचा. पंखा पट्ट्यावरच, पण पुली आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल. रेडिएटरमागची हवा तापली की धातूची वळलेली पट्टी झडप उघडते, तेल पुढे येतं आणि पंख्याला पकड मिळते. प्यूजोने 404 मध्ये याच कामासाठी विद्युतचुंबकी क्लच वापरला होता. घाटात राहणाऱ्या जुन्या जीपच्या मालकाने मूळ पंखा काढू नये. विजेचा पुढे मदतीला लावावा, आणि तो गावातल्या बाजाराच्या गर्दीसाठी ठेवावा. ओढ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून जाताना विजेच्या पंख्याचा कनेक्टर काढून ठेवता येतो, ही त्याची आणखी एक सोय. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात फिरला की इंजिनभर पाणी उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजवतो. जुने जीपवाले तेवढ्यापुरता पट्टाच उतरवत, आणि त्याबरोबर वॉटर बॉडीही थांबे.

उंचीचाही हिशेब आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,350 मीटरच्या आसपास आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांवरच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून गाडीचं पाणी त्यापुढेही तग धरतं. साधारण एक बार जादा दाबाला समुद्रसपाटीवर ते 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबर वॉशर वाळलेला असेल तर हा सगळा फायदा गेला. वर पोहोचल्यावर पंखा लागतो न लागतो तोच पाणी उकळू लागतं आणि दोष पंख्यावर येतो. काही रुपयांचा वॉशर आणि हेड गॅस्केटचा खर्च यांचा संबंध असा आहे.

जाळीचंही तसंच. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलेल्या पितळी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो. ती जाळी उघडून, नळ्यांत सळ्या घालून साफ करणारे आणि पुन्हा झाळकाम करून देणारे कारागीर अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत, कारण नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर दुरुस्त न करता बदलले जातात. अशा कारागिराकडे आधी जावं. चोंदलेल्या जाळीसमोर कितीही मोठा पंखा लावला तरी नळीतून पाणीच फिरत नसेल तर वारा काय करणार?

विंटेज गाड्यांच्या जगात वेगळाच वाद आहे. मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या परिसरातून निघणाऱ्या मिरवणुकीसारख्या फेऱ्यांत या गाड्या माणसाच्या चालीने चालतात, दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी असते, आणि कूलिंगला याहून वाईट परिस्थिती नाही. परीक्षक मात्र मूळ रूपाचे गुण देतात. काही मालक पंखा ग्रिलमागे काळा रंग देऊन लपवतात, काही फेरीपुरता बसवून नंतर उतरवतात. मूळ रूपासाठी इंजिनाचं हेड वाकू देण्यापेक्षा दोन नट आणि चार वायरी परवडल्या. शिवाय बदल पूर्ण उलटवता येण्यासारखा असला, रेडिएटरला नवं भोक न पाडता केलेला असला, तर गाडीचं काहीच बिघडत नाही. रेडिएटरच्या जाळीतून आरपार प्लॅस्टिकचे टाय घालून पंखा लटकवणं मात्र टाळावं. थरथरीने ते नळ्या कापतात.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी गॅरेजच्या दारातच एक परीक्षा घ्यावी. गाडी सावलीत उभी करून आयडलिंगवर सोडावी आणि बॉनेट उघडं ठेवून थांबावं. आधी वरचा होज पाईप गार राहिला पाहिजे आणि मग एकाएकी तापला पाहिजे; तो थर्मोस्टॅट उघडल्याचा पुरावा. पहिल्या मिनिटापासूनच तो हळूहळू कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही असं समजावं आणि विचारावं. त्यानंतर काटा मध्याच्या थोडा वर गेल्यावर पंखा आपोआप लागला पाहिजे, हातात कागद धरला तर ओढणाऱ्या पंख्याने तो ग्रिलला चिकटवला पाहिजे, आणि काही वेळाने पंखा आपोआप बंदही झाला पाहिजे. मग हेडलाइट लावून हेच पुन्हा बघावं, कारण कमकुवत वायरिंग तेव्हाच उघडं पडतं. पंखा लागला पण बंद झालाच नाही, तर स्विचचा कनेक्टर शोधून त्यात वायरचा तुकडा खोचलेला नाही ना, हे स्वतः वाकून पाहावं.